सागरकिनाऱ्यावरील संशोधक

(लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे दगड बनलेले अवशेष म्हणजे जीवाश्म. प्रस्तुत पाठात जीवाश्म शोधणाऱ्या एका गरीब सुताराच्या मुलीची जीवनकहाणी आहे. तिने शोधलेल्या प्राण्यांच्या प्रतिकृती देशोदेशी पोहोचल्या, पण तिचे नाव मात्र फार उशिरा पोहोचले.)

विद्यार्थी मित्रांनो, मोठ्या संग्रहालयांत आणि काही हौशी संग्राहकांच्या घरांत एक विलक्षण कवटी मांडलेली असते. तिचा जबडा मगरीसारखा लांब आणि निमुळता असतो. त्यात टोकदार दातांची रांग असते. डोळ्याची खोबण तर इतकी मोठी असते की तिच्यात जेवणाची ताटली सहज मावेल. त्या खोबणीत हाडांच्या पातळ पाकळ्यांचे एक गोल कडे दिसते. नाकपुड्या जबड्याच्या टोकाला नसतात. त्या डोळ्यांच्या जवळ असतात. दुरून पाहिले तर ही कवटी दगडासारखी जड वाटते. उचलून पाहिली की ती हलकी लागते. कारण ती खरी नसते. ती प्रतिकृती, म्हणजेच हुबेहूब नक्कल असते.

ही कवटी इक्थिओसॉर नावाच्या प्राण्याची. हा प्राणी समुद्रात राहणारा, पण श्वास घेण्यासाठी पाण्यावर येणारा सरपटणाऱ्या वर्गातला जीव होता. त्याच्या नावाचा अर्थ मासा-सरडा असा आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी असे प्राणी समुद्रात पोहत होते. आज त्यांपैकी एकही जिवंत नाही. मग माणसाला त्यांची माहिती कशी झाली? ती मिळवून देणाऱ्यांमध्ये एका मुलीचे नाव फार वरचे आहे. तिचे नाव मेरी ॲनिंग.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या लहानशा गावी झाला. तिचे वडील रिचर्ड ॲनिंग सुतारकाम करीत. घरात गरिबी होती. या दांपत्याला दहाच्या आसपास मुले झाली, पण त्यांतील जोसेफ आणि मेरी हे दोघेच मोठे होईपर्यंत जगले. मेरीही थोडक्यात वाचली. ती सव्वा वर्षाची असताना शेजारच्या एका बाईने तिला कडेवर घेतले होते. वादळ आले म्हणून ती बाई आणखी दोन स्त्रियांबरोबर एका झाडाखाली उभी राहिली. तेवढ्यात झाडावर वीज पडली. तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. मेरी मात्र जगली.

लाइम रीजिसच्या किनाऱ्यालगत उंच कडे आहेत. चुनखडी आणि चिखलाच्या दगडांचे थर एकावर एक रचलेले तेथे दिसतात. हिवाळ्यात वादळे होतात, लाटा कड्यांवर आदळतात आणि दरडी कोसळतात. मग दगडांत दडलेले जीवाश्म उघडे पडतात. कोणी गोगलगाईसारखे वळलेले, कोणी बोटासारखे लांबट. त्या काळी हवापालटासाठी गावात पाहुणे येत आणि असे गमतीचे दगड विकत घेत. रिचर्ड ॲनिंग सुतारकामाला जोड म्हणून हे दगड शोधून विकत. दोन्ही मुलांना ते बरोबर नेत. दगड कसा ओळखावा, हातोडी कोठे मारावी, हे मेरी वडिलांकडूनच शिकली.

१८१० साली वडील वारले. मागे राहिले कर्ज. कुटुंबाला गावाकडून गरिबांना मिळणारी मदत घ्यावी लागली. शाळेत जाऊन शिकण्याची ऐपत नव्हती. चर्चच्या रविवारच्या शाळेत मेरीला लिहायला-वाचायला आले, तेवढेच तिचे शिक्षण. पण वडिलांनी शिकवलेले काम तिने सोडले नाही. ओहोटी लागली की ती टोपली आणि हातोडी घेऊन किनाऱ्यावर जाई. भरतीचे पाणी कड्याला लागण्यापूर्वी परत फिरावे लागे. उशीर झाला तर जिवाशी गाठ होती.

१८११ साली जोसेफला कड्यात एक मोठी कवटी दिसली. तिची लांबी सुमारे चार फूट होती. लोकांना वाटले, ही मगरच असावी. पण नुसती कवटी सापडली म्हणजे प्राणी सापडला असे नाही. बाकीचे शरीर कोठे असेल? जोसेफ दुसऱ्या कामात गुंतला. शोध मेरीने चालू ठेवला. सुमारे वर्षभराने तिला त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा सापडला. त्या वेळी ती अवघी बारा-तेरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच वयाची! मजूर लावून तो सांगाडा दगडातून काढण्यात आला. सगळा मिळून तो सुमारे १७ फूट लांब होता.

गावच्या एका जमीनदाराने हा सांगाडा २३ पौंडांना विकत घेतला. पुढे तो लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवला गेला. लोक तिकीट काढून त्याला पाहायला येत. १८१४ साली एव्हरार्ड होम या शल्यवैद्याने या प्राण्यावर पहिला शास्त्रीय लेख लिहिला. हा मासा आहे, की दुसरे काही, याचा उलगडा त्यांना नीट झाला नाही. १८१७ साली ब्रिटिश म्युझियममधील चार्ल्स कोनिग यांनी इक्थिओसॉरस हे नाव सुचवले. १८१९ साली ब्रिटिश म्युझियमने तो सांगाडा विकत घेतला. त्यातील कवटी आजही लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. होम यांच्या लेखात शोधणाऱ्या मुलांचे नाव नव्हते. वस्तू पुढे गेली. तिच्याबरोबर खरीददाराचे नाव गेले, लेखकाचे नाव गेले. ज्या हातांनी ती दगडातून काढली, ते हात मागे राहिले. मेरीच्या आयुष्यात असे पुढे अनेकदा घडले.

पुढची काही वर्षे फार तंगीची गेली. १८२० साली घरभाडे देण्यासाठी घरातील सामान विकण्याची पाळी आली. टॉमस बर्च नावाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी जीवाश्मांचा संग्रह करीत. त्यांनी ॲनिंग कुटुंबाकडून अनेक जीवाश्म घेतले होते. या कुटुंबाची दशा पाहून त्यांना वाईट वाटले. त्यांनी आपला संपूर्ण संग्रह लंडनमध्ये लिलावात काढला. त्यातून सुमारे ४०० पौंड आले आणि ते ॲनिंग कुटुंबाच्या कामी आले. या लिलावात इक्थिओसॉरचा एक अखंड सांगाडाही होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो १०० पौंडांना घेतला. हा सांगाडा मेरीनेच शोधला असावा, असे अभ्यासक मानतात. हा सांगाडा लक्षात ठेवा. त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

मेरी केवळ दगड विकणारी मुलगी राहिली नाही. तिला समजून घ्यायचे होते. पुस्तके विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून ती शास्त्रीय लेख मागून आणी आणि आकृत्यांसह हाताने उतरवून काढी. मासे आणि समुद्रातील इतर जीव कापून त्यांची रचना पाही. अशा रीतीने तिची नजर तयार झाली. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी तिला काही विचित्र गोळे आढळत. ते फोडले की त्यांत माशांची हाडे आणि खवले दिसत. तिच्या या निरीक्षणावरून विल्यम बकलँड या प्राध्यापकांनी दाखवून दिले की, ते गोळे म्हणजे प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म होत. तुम्हाला हसू येईल. पण यामुळेच कोटी-कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी काय खात होता, हे कळले!

१८२३ च्या डिसेंबर महिन्यात मेरीला एक अजब सांगाडा सापडला. डोके लहान, मान अतिशय लांब आणि चार वल्ह्यांसारखे पाय. हा प्लेसिओसॉर होय. त्याचे चित्र फ्रान्समध्ये झॉर्झ क्यूव्हिए यांच्याकडे गेले. प्राण्यांच्या शरीररचनेचे ते त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार होते. एवढी लांब मान त्यांना अशक्य वाटली. दोन प्राण्यांची हाडे एकत्र जोडली असावीत, अशी शंका त्यांनी घेतली.

मित्रांनो, ही शंका मेरीसाठी किती घातक होती याचा विचार करा. तिच्याजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, मोठे घराणे नव्हते. तिच्याजवळ एकच भांडवल होते, आणि ते म्हणजे इमानदारी. तिचा माल बनावट आहे असे एकदा ठरले असते तर खरीददार फिरकले नसते आणि घरची चूल बंद पडली असती. १८२४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीत या सांगाड्यावर चर्चा झाली. सांगाडा खरा ठरला. क्यूव्हिए यांनीही आपली शंका मागे घेतली. पण या सभेत मेरीला जागा नव्हती, कारण ही संस्था स्त्रियांना सदस्य करून घेत नसे. विल्यम कॉनिबेअर यांनी सांगाड्याची माहिती सभेपुढे मांडली. त्यात मेरीचे नाव घेतले गेले नाही. त्या संस्थेत स्त्रियांना सदस्यत्व मिळण्यास १९१९ साल उजाडावे लागले.

बनावट मालाची भीती खोटी नव्हती. त्याच काळात टॉमस हॉकिन्स नावाचे एक संग्राहक होते. आपल्या सांगाड्यांतील गहाळ भाग ते प्लास्टरने भरून काढत. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने १८३४ साली मोठी रक्कम देऊन घेतला. नंतर काही भाग प्लास्टरचे असल्याचे उघड झाले आणि फार गाजावाजा झाला. प्लास्टर वाईट नव्हे. प्लास्टरला हाड म्हणून खपवणे वाईट. प्रतिकृती आणि फसवणूक यांत हाच फरक आहे. जी नक्कल स्वतःला नक्कल म्हणवते, ती विद्येच्या कामी येते.

प्रतिकृती कशी बनवतात, तेही पाहू या. प्रथम खरा जीवाश्म स्वच्छ करतात. त्यावर पातळ लेप देतात, म्हणजे प्लास्टर त्याला चिकटत नाही. मग त्यावर प्लास्टरचा थर चढवून साचा घेतात. कवटीला अनेक खाचा आणि पोकळ्या असतात, म्हणून साचा तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. तुकडे जोडून साचा तयार झाला की त्यात पातळ प्लास्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर साचा उघडतात, सांधे घासून काढतात आणि मूळ दगडासारखा रंग देतात. हल्ली साच्यासाठी लवचीक रबर आणि ओतण्यासाठी रेझिन नावाचे रसायन वापरतात. त्यामुळे दातावरची बारीक रेघसुद्धा उमटते. एका साच्यातून अनेक प्रती निघतात. मूळ वस्तू एकाच शहरात राहते, पण तिचा अभ्यास अनेक शहरांत होऊ शकतो. अमेरिकेत हेन्री वॉर्ड यांनी १८६६ साली अशा प्रतिकृतींची सूची छापली होती. शाळा-कॉलेजे आणि संग्रहालये त्यांच्याकडून समुद्रातील या राक्षसी प्राण्यांच्या प्रतिकृती मागवत. मात्र प्रतिकृतीत एक उणीव असते. ती वरचा आकार दाखवते. हाडाच्या आत काय आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

मेरीकडे परत येऊ. १८२६ साली तिने काचेची खिडकी असलेले एक घर घेतले आणि त्यात दुकान थाटले. देशोदेशीचे विद्वान तेथे येत. १८२८ साली तिला उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला. जर्मनीबाहेर सापडलेला तो त्या जातीचा पहिला होता. १८४४ साली सॅक्सनीच्या राजाने तिच्या दुकानात येऊन इक्थिओसॉरचा एक सांगाडा खरेदी केला.

तरी तिचे जीवन सुखाचे नव्हते. १८३३ साली दरड कोसळून तिचा आवडता कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत मेला. ती स्वतः थोडक्यात बचावली. पुढे चुकीच्या ठिकाणी गुंतवल्यामुळे तिची बरीचशी बचत बुडाली. तेव्हा बकलँड यांनी खटपट करून तिला दरसाल २५ पौंड मिळण्याची सोय केली. तिचा बालपणापासूनचा मित्र हेन्री डे ला बेश याने तिच्या शोधांवरून प्राचीन समुद्राचे एक चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रती विकून तिला मदत केली. म्हणजे नक्कल येथेही उपयोगी पडली!

९ मार्च १८४७ रोजी कर्करोगाने मेरीचे निधन झाले. तिचे वय केवळ ४७ वर्षांचे होते. डे ला बेश तेव्हा जिओलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. ज्या संस्थेने तिला आत घेतले नव्हते, तेथेच त्यांनी तिला आदरांजली वाहिली. १८५० साली गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली.

आता त्या सांगाड्याची गोष्ट ऐका. बर्च यांच्या लिलावातील तो अखंड सांगाडा लंडनमध्ये सव्वाशे वर्षांच्या आसपास राहिला. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४१ मध्ये, त्या इमारतीवर बाँब पडले आणि सांगाडा नष्ट झाला. उरले ते फक्त १८१९ सालचे एक छापील चित्र. हा प्राणी आता कधी दिसणार नाही, असेच सर्वांना वाटले. पण डीन लोमॅक्स आणि ज्युडी मॅसारे या दोन संशोधकांना अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयात प्लास्टरचा एक जुना सांगाडा दिसला. काही काळाने तशीच दुसरी प्रतिकृती जर्मनीतील बर्लिन शहरात आढळली. त्यांनी त्या जुन्या चित्राशी ताडून पाहिल्या. हाड न् हाड जुळले! ही माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. मूळ सांगाडा जळून गेला, पण कोणा अनामिक कारागिराने घेतलेल्या साच्यामुळे त्याचा आकार वाचला.

या प्रतिकृती इतकी वर्षे कपाटांत पडून होत्या, तरी कोणाच्या लक्षात का आल्या नाहीत? कारण त्या कशाच्या आहेत, याची नोंद त्यांच्यासोबत नव्हती. हाडाचा प्रत्येक उंचवटा साच्यात उतरला; नाव मात्र साच्यात उतरत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते. म्हणूनच एखाद्या संग्राहकाकडे अशी कवटी असेल, तर तिच्याखाली प्राण्याचे नाव, मूळ कवटी जेथे आहे ते ठिकाण आणि शोधणाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. आपल्या देशातही गुजरातमधील कच्छ भागात सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला आणि २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. असे शोध पुढेही लागतील.

मेरीला तिचा हक्क उशिरा का होईना, मिळाला. २०१० साली रॉयल सोसायटीने विज्ञानाच्या इतिहासातील दहा प्रभावशाली ब्रिटिश स्त्रियांत तिची गणना केली. तिच्या घराच्या जागी आज लाइम रीजिसचे संग्रहालय उभे आहे. एका शाळकरी मुलीने तिच्या पुतळ्यासाठी चळवळ सुरू केली आणि २१ मे २०२२ रोजी, मेरीच्या जन्मदिनी, तो पुतळा उभा राहिला. पुतळ्यातील मेरी हातोडी घेऊन समुद्राकडे निघाली आहे, आणि तिच्यासोबत तिचा कुत्रा ट्रे आहे.

मित्रांनो, तुमच्या भोवतीही असे कितीतरी मेहनती हात आहेत, ज्यांचे काम सर्वांना दिसते आणि नाव कोणालाच ठाऊक नसते. काम पाहाल तेव्हा ते नावही विचारा. ते लिहून ठेवा. ज्याची मेहनत, त्याचे नाव, एवढा इन्साफ करणे तर आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नक्कल. निमुळता – टोकाकडे अरुंद होत जाणारा. खोबण – खळगा. दरड – डोंगराचा किंवा कड्याचा सुटलेला भाग. ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे. उलगडा होणे – नीट समजणे. गहाळ – हरवलेला. ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेरीचे वडील कोणते काम करीत?
(आ) १८११ साली जोसेफला काय दिसले?
(इ) मेरीला शास्त्रीय लेख हाताने उतरवून का काढावे लागत?
२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) क्यूव्हिए यांची शंका मेरीसाठी घातक का होती?
(आ) प्रतिकृती आणि फसवणूक यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'जिवाशी गाठ असणे' आणि 'डोळ्यांदेखत' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या गावातील एका कारागिराला भेटा. त्याचे नाव आणि त्याच्या कामाची माहिती दहा ओळींत लिहा.